वाचलं, पण पटलं नाही

परवा दुपारी माझ्या शेजारी बसणारी अनिता एकदम हसायला लागली. ती केरळची, आमच्या टीममध्ये नुकतीच आलेली. चाचणीसाठी ठेवलेल्या एका मशीनला आम्ही मुद्दाम बिघडवलेली डिस्क लावली होती, आणि त्या मशीनने पडद्यावर एक ओळ टाकली होती. ओळ इंग्रजीत होती. मराठीत सांगायची तर अशी: ‘वाचलं, पण पटलं नाही. या भागात आता लिहिणार नाही.’

“दीदी, ये किसने लिखा है? मशीन रूठ गई लगती है,” अनिता म्हणाली.

मी म्हटलं, “एक सर होते इथे.”

“कौन सर?”

तेवढ्यात मीटिंगची वेळ झाली आणि तिला उत्तर द्यायचं राहून गेलं. पण दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही. दोह्यातल्या मुशैरिब भागातल्या या ऑफिसात खिडकीशेजारची जी खुर्ची आता प्रिंटरचे कागद ठेवायला वापरतात, तिथे शिवानंद हलगे बसायचे. लातूरजवळच्या औशाचे. उंच, किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि इथल्या भर उन्हाळ्यातही खांद्यावर एक मऊ पंचा. ऑफिसातला एसी त्यांना बाधायचा. तो पंचा ते गळ्याभोवती गुंडाळून बसायचे, आणि मोठे साहेब आले तरी काढायचे नाहीत.

आमची कंपनी कारखान्यांसाठी नोंदयंत्रं बनवते. प्लांटमधला दाब, तापमान, वायूची गळती यांचे आकडे सेन्सरकडून सतत येत असतात, ते आमच्या डब्यातल्या डिस्कवर लिहिले जातात. त्या डब्यातल्या कर्नलचं काम हलगे सरांकडे होतं. कर्नल म्हणजे संगणकाचा आतला कारभारी. बाकीचे प्रोग्राम येतात-जातात, हा कायम असतो, आणि डिस्कवरची कुठली फाइल कुठे सुरू होते, किती लांब आहे, हे त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नसतं. त्यालाही ते डिस्कवरच लिहिलेल्या नोंदींवरून कळतं. त्या नोंदीच बिघडल्या तर कारभारी बुचकळ्यात पडतो. कधी मशीन कोसळतं. कधी कोसळत नाही, मुकाट्याने चुकीच्या जागी लिहीत राहतं, आणि ते जास्त वाईट.

माझी त्यांची पहिली गाठ अशाच एका कोसळलेल्या मशीनवरून पडली. मी नाशिकहून कॉन्ट्रॅक्टवर नुकतीच आले होते. मशीन नेमक्या कुठल्या ओळीवर कोसळतं ते मी शोधून काढलं, तिथे तपासणीच्या दोन ओळी घातल्या, मशीन कोसळायचं थांबलं आणि मी तो बदल मंजुरीसाठी पाठवून दिला. थोड्या वेळाने सर स्वतः माझ्या टेबलाशी आले. हात पाठीमागे बांधलेले.

“नाशिकची ना तू?”

“हो सर.”

“मग मराठीतच सांगतो. माणूस इथं पडला हे तुला दिसलं. बरोबर हाय. पण त्याला विष कुठं दिलं, ते बघितलंस का?”

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, पंचा सारखा केला आणि तो चुकीचा आकडा आला कुठून ते माझ्याकडून शोधून घेतलं. इथे वापरला, त्याआधी तिथून आला, त्याआधी आणखी वरून. असं करत करत आम्ही जिथे ती नोंद डिस्कवरून पहिल्यांदा मेमरीत येते, तिथे पोहोचलो. ती नोंद फाइलची लांबी अख्ख्या डिस्कपेक्षा मोठी सांगत होती, आणि कारभाऱ्याने ती खरी मानून घेतली होती.

“हितं विचारायचं,” सर त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले. “आत घेताना. एकदा नीट विचारायचं आणि मग विश्वास ठेवायचा. तू स्वयंपाकघरात उभी राहून पाहुण्याला विचारायलीस, तुम्ही कोण? अगं, तवर तो जेवून बसला की!”

या एका प्रश्नापायी त्यांच्या नोकरीची सारी वर्षं खर्ची पडली म्हटलं तरी चालेल. बिघडलेली नोंद कुठे ओळखायची? डिस्क जोडायच्या आधीच वेगळ्या प्रोग्रामने अख्खी तपासायची? आत घेताना कर्नलने तपासायची? की वापरताना दर वेळी? जगभरातले लोक इंटरनेटवरच्या चर्चांमध्ये यावर भांडतात. सरही भांडायचे. सकाळी इकडच्या दाट, गोड करक चहाचा कागदी पेला घेऊन बसले की आधी त्या चर्चांमधली पत्रं वाचायची आणि दोनदा मान हलवायची. चहा त्यांना आवडायचा नाही. “पाक करून देतेत,” म्हणायचे, आणि रोज तोच घ्यायचे.

दोह्याबाहेर मेसईद या कारखान्यांच्या गावी एका खत कारखान्यात आमची मशीनं होती. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर तिकडे गेले, तेव्हा गेटवर सुरक्षारक्षकाने आमचे पास, बूट, हेल्मेट, मोबाइल सगळं कसून तपासलं. त्यात बराच वेळ गेला. मी वैतागले होते. सर मात्र खुशीत.

“बघ, हेच मी म्हणतो. गेटवर लागू दे की वेळ. आत प्रत्येक पाइपापाशी एकेक पहारेकरी उभा केला, तर खत कोण करणार?”

“पण सर, आत गेल्यावर कुणी पास बदलला तर? किंवा दोघांकडे एकाच खोलीची किल्ली असेल? गेटवर एकेकट्याचा पास बरोबरच दिसणार ना?”

ते चालता चालता थांबले. हेल्मेटखाली त्यांचं कपाळ घामाने चमकत होतं. “तिथं माझीबी मती गुंग होते,” असं म्हणाले आणि एकदम हसले. मी चूक काढली की त्यांना आनंद व्हायचा. तसा आनंद होणारी माणसं मला नंतर फार भेटली नाहीत.

नज्मा भागात एका जुन्या इमारतीत ते एकटे राहायचे. सुनंदाकाकू औशाला जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्तीला अजून अवकाश होता. निवृत्त झाल्या की त्यांना इकडे आणायचं असा सरांचा बेत होता. काकूंनी समुद्र पाहिलेला नव्हता. कुणी नवी जागा दाखवली, चांगलं हॉटेल दाखवलं की सर म्हणायचे, “ही आली की आणीन इथं.” स्वतः मात्र त्या जागी पाऊल टाकायचे नाहीत. एवढी वर्षं दोह्यात राहून त्यांनी कितीतरी गोष्टी अशा शिलकीत ठेवल्या होत्या.

दुपारी जेवण झालं की ते जिन्यात जाऊन काकूंना फोन करायचे. जिन्यात आवाज घुमतो, त्यामुळे आम्हाला इच्छा नसताना ऐकू यायचं. “काय करायलीस?” ही सुरुवात ठरलेली. मग बोअरला पाणी आहे का, शाळेत किती पोरं आली, डाव्या गुडघ्याचं काय. प्रेमाचा शब्द कधी ऐकू आला नाही. एकदा मात्र बराच वेळ दोन्हीकडे काही बोलणंच नव्हतं, मला वाटलं फोन कटला. मी पाण्याची बाटली भरायला त्या बाजूला गेले, तर सर फोन कानाला लावून नुसते बसलेले. मला बघून हाताने खूण केली, चालू आहे म्हणून. नंतर म्हणाले, “ती पेपर तपासायलीय. मी ऐकायलोय.”

ऑफिसच्या पँट्रीतला नळ गळायला लागला की ते मेंटेनन्सची वाट बघायचे नाहीत. त्यांच्या ड्रॉवरमध्ये पान्हा आणि रबराचे वायसर असायचे. बासिम, आमचा जॉर्डनचा मॅनेजर, एकदा त्यांना सिंकखाली आडवं झालेलं बघून ओरडला, “शिवा, यू आर माय प्रिन्सिपल इंजिनिअर!” सर आतूनच म्हणाले, “येस, अँड आय ॲम फ्रॉम लातूर.” बासिमला त्याचा अर्थ कळला नाही. ज्या गावाला पाणी रेल्वेने आलं, त्या गावच्या माणसाला थेंब पडताना बघवत नाही, हे मला मराठी असूनही समजावून घ्यावं लागलं.

शुक्रवारी, म्हणजे इकडच्या सुट्टीच्या दिवशी, ते भाकरी थापायचे. ज्वारीचं पीठ काकू पाठवायच्या, सोबत शेंगदाण्याची चटणी. मला आणि आणखी कुणी एकटं असेल त्याला जेवायला बोलवायचे आणि गॅसवर भाकरी फुगेपर्यंत आमच्याशी बोलायचे नाहीत.

आता मेसईदची ती गोष्ट सांगते, कारण तिथून पुढचं सगळं बदललं.

ऑगस्ट होता. कारखान्यात वीज एकदम गेली आणि आली, आणि आमच्या एका मशीनची डिस्क बिघडली. मशीन परत सुरू होताना कर्नलने नोंदी तपासल्या आणि लिहायचं थांबवलं. सरांनीच ते तसं बनवलं होतं. जुनं वाचता येईल, पण नवं काही लिहिणार नाही. म्हणजे गळतीचे आकडे येत होते, पण त्यांची नोंद होत नव्हती. कारखान्यातून फोनावर फोन. आम्ही तिघं, बासिम, सर आणि मी, गाडीने तिकडे निघालो.

कंट्रोल रूममध्ये सरांनी डिस्क पाहिली. दोन फायली एकाच जागेवर हक्क सांगत होत्या. एकेकीची नोंद वेगळी पाहिली तर अगदी बिनचूक. दोन्ही शेजारी ठेवल्या की भांडण.

बासिम म्हणाला, “तपासणी बंद कर. लिहू दे त्याला. यल्ला, चल लवकर!”

“आता लिहिलं तर एकीच्या डोक्यावर दुसरी जाईल,” सर म्हणाले. “कुणाच्या डोक्यावर कोण, ते मला माहीत नाही.”

“मग अंदाज कर!”

“अंदाज मी करू शकतो. मशीनला करू देणार नाही. दुसरी डिस्क मागव.”

दुसरी डिस्क दोह्याहून यायची होती. तोवर प्लांटच्या नियमाप्रमाणे ऑपरेटर हातातली छोटी मीटरं घेऊन प्रत्येक ठिकाणी जाऊन आकडे घेत होते. खिडकीतून ती माणसं दिसत होती. उन्हात पांढरं पडलेलं अंगण, लोखंडी जिने, आणि तोंडाला फडकी बांधलेले ते दोघे-तिघे वर जातायत, खाली येतायत. थोड्या वेळाने त्यातल्या एकाला चक्कर आली म्हणून सावलीत आणून बसवलं. सर कंट्रोल रूममधून बाहेर गेले. त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, आपला पंचा भिजवून त्याच्या मानेवर ठेवला. तो बरा झाला, उठून बसला, पाणी प्यायला. पण सर आत आले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता.

पुढच्या आठवड्यात त्यांनी ती डिस्क सगळी उलगडली. ज्या जागेवरून भांडण होतं ती एका जुन्या तात्पुरत्या फाइलची निघाली. कुणालाही नको असलेली. मशीन लिहीत राहिलं असतं, तर त्या दिवशी काहीच बिघडलं नसतं.

सरांनी हे अहवालात स्वतः लिहिलं. मी म्हटलं, “सर, हे वाक्य लिहायलाच हवं का? कुणाला कळणारही नाही.”

“मला कळलंय की.”

“पण तुमचा निर्णय बरोबर होता. आधी कसं माहीत असणार?”

“निर्णय बरोबर होता,” ते सावकाश म्हणाले. “आणि माणूस उन्हात पडला. दोन्ही खरं हाय. त्यातलं एकच लिहू का?”

बासिम वाईट माणूस नव्हता. त्यालाही वर उत्तरं द्यायची होती. कारखान्याने तक्रार केली होती, आणि अहवालात आमच्याच मुख्य इंजिनिअरने लिहिलं होतं की थांबायची गरज नव्हती. सरांचं कॉन्ट्रॅक्ट हिवाळ्यात संपत होतं. ते वाढवणार नाहीत, असं त्यांना सांगण्यात आलं. आम्हाला त्यांनी ते पँट्रीत चहा घेताना सांगितलं, जणू पेपरातली बातमी. त्या दिवशी जिन्यातला फोन नेहमीपेक्षा लवकर संपला.

त्याच सुमाराला मी वर्षाताईंचा विषय त्यांच्याकडे काढला. त्या चिपळूणच्या. गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या स्वयंपाकाला आम्ही दोघी एकत्र असायचो, तेव्हापासूनची ओळख. त्यांचे यजमान मेसईदलाच दुसऱ्या एका कारखान्यात होते. उन्हाळ्याच्या आधी ते हृदयविकाराने गेले. कंपनीचं घर आता सोडायचं होतं. ताई मुलीला, अन्वीला, घेऊन चिपळूणला परतणार होत्या. यजमानांनी काढलेले सगळे व्हिडिओ एका डिस्कवर होते, आणि ती डिस्क उघडत नव्हती. एका दुकानात दिली, तर तिथे कसलंसं दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवलं, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा, आणि होतं तेही विस्कटलं.

सरांनी डिस्क हातात घेतली ती दोन्ही हातांनी. आधी तिची जशीच्या तशी प्रत काढली, मूळ डिस्क रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. “हिला आता कुणी हात लावायचा नाही. आजारी माणसाला प्रत्येकजण एकेक गोळी द्यायलाय, तसं झालंय.” मग कित्येक शुक्रवार भाकरी नाही की पाहुणे नाहीत. दुपारी मी जायची, तर ते खिडकीचा पडदा ओढून बसलेले. नोंद जुळवायची, पटली तर ठेवायची, नाही पटली तर बाजूला. वाढदिवस मिळाला. समुद्रावरची सहल मिळाली. चिपळूणच्या घराचं अंगण मिळालं.

एक फाइल मात्र अडली. सुरुवात होती, शेवट होता, आणि मधल्या तुकड्यावर दोन फायलींचा हक्क. तोच प्रकार, मेसईदसारखा. सरांनी दोन्ही फायलींत तो तुकडा घालून पाहिला. दोन्हीकडे तो व्यवस्थित चालत होता. चित्र हिरव्या चौकटींनी भरलेलं, काही दिसत नव्हतं. आवाज मात्र स्पष्ट होता. पुरुषाचा आवाज, भांड्यांचा आवाज, छोटं पोर.

“हा तुकडा कुणाचा, ते डिस्क सांगू शकत नाही,” ते म्हणाले. “मीबी नाही.”

“मग काय करायचं? सोडून द्यायचा?”

त्यांनी लॅपटॉप मिटला. नंतर म्हणाले, “शुक्रवारी मला मेसईदला नेशील का?”

वर्षाताईंच्या घरात खोकी भरून ठेवली होती. भिंतीवरची घड्याळं, तसबिरी उतरवलेल्या, त्यांच्या जागी फिकट चौकोन. आम्ही जमिनीवर चटई टाकून बसलो. अन्वी नववी-दहावीतली मुलगी, सोफ्याच्या हातावर मोबाइल घेऊन बसली होती. आईचं सगळं मराठी तिला कळत होतं, उत्तरं इंग्रजीत.

सरांनी आधी मिळालेले व्हिडिओ दाखवले, त्या तुकड्यावर हक्क सांगणारे दोन्ही अर्धवट व्हिडिओही. ताई पदर तोंडाला लावून बघत होत्या. मग सरांनी लॅपटॉप बंद केला.

“ताई, एक विचारायचंय. एक तुकडा असा हाय, की तो कुठं लावायचा ते मला ठाऊक नाही. चुकीच्या जागी लावला तर तुम्ही जन्मभर चुकीचं खरं मानाल. तुम्ही म्हणत असाल तर मी तो देतच नाही.”

“ऐकवा तर आधी,” ताई म्हणाल्या.

त्यांनी आवाज लावला. तव्यावर काही टाकल्याचा चर्र आवाज. मग पुरुषाचा आवाज, कोकणी हेल काढून: “हळू गो बाय, चटका बसेल. सांग बघू, हे काय?” आणि लहान मुलीचा आवाज, ठणठणीत मराठीत: “घावन! पण बाबा, ह्याला भोकं का पडली?” “भोकं पडली म्हणून तर घावन. नायतर डोसा झाला असता.” आणि दोघं हसतात.

आधी बोलली ती अन्वी. ती सोफ्यावरून केव्हा खाली आली आम्हाला कळलं नाही.

“दॅट्स मी?” तिने विचारलं. “आय स्पोक लाइक दॅट?”

“तूच गो,” ताई म्हणाल्या. “तू चार वर्षांची असशील. मी बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते, आणि हा तुला घेऊन इथे एकटा. फोनवर सांगत होता, आज हिने स्वतः घावन उलटलं म्हणून. मी बघितलंच नव्हतं कधी.” मग सरांकडे वळून म्हणाल्या, “हा तुकडा त्या स्वयंपाकघराच्या व्हिडिओतला. दुसऱ्यातला नाही. दुसऱ्यात मी होते. मी असताना तो तव्यापाशी कशाला येतोय?”

सरांनी मान डोलावली. तिथल्या तिथे तो तुकडा त्या जागी बसवला. सुरुवात, मधलं, शेवट. अन्वीने तो पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकताना ती अगदी हळू, स्वतःशीच, ते वाक्य म्हणून बघत होती: “ह्याला भोकं का पडली?” उच्चार नीट येत नव्हते. ताईंनी तिच्याकडे बघितलं नाही, मुद्दाम.

परत येताना वाळवंटातला तो सरळ रस्ता, ऊन कलतीला लागलेलं.

“आकार बरोबर हाय का, लांबी बरोबर हाय का, हे दारात विचारता येतं,” सर म्हणाले. “खरं कुणाचं, ते ज्याला ठाऊक हाय त्यालाच विचारावं लागतं. आणि तो येईस्तोवर बाकीच्यांनी काय करायचं? उन्हात उभं राहायचं?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“म्हणजे माझं अर्धंच काम झालं होतं. मी थांबायला शिकवलं. थांबल्यावर काय, ते शिकवलंच नाही.”

उरलेल्या आठवड्यांत, नोकरी जाणार हे पक्कं असताना, त्यांनी ते दुसरं अर्धं काम केलं. नोंद पटली नाही तर मशीनने त्या भागाला कुंपण घालायचं, तिथे काही लिहायचं नाही. नवे आकडे मात्र बाजूला राखून ठेवलेल्या कोऱ्या जागेत लिहीत राहायचे, आणि माणूस येऊन निवाडा करेपर्यंत दोन्ही वेगळं ठेवायचं. बासिमने ते चालवून पाहिलं. डिस्क बिघडवली, वीज तोडली, पुन्हा जोडली. मशीन लिहीत राहिलं. तो सरांच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभा होता. “शिवा, मी वर पुन्हा बोलतो,” म्हणाला.

“बोल, इन्शाल्ला,” सर म्हणाले. बासिम बोललाही असेल. त्या जागेवर आधीच कुणाला तरी घेतलं होतं.

त्यानंतर मेसईदला दोनदा वीज गेली. दोन्ही वेळा कुणाला उन्हात जावं लागलं नाही. पहिल्या वेळी मी सरांना कळवलं, तेव्हा त्यांचं उत्तर आलं, ‘छान. नळ गळतोय का पँट्रीतला?’ दुसऱ्या वेळी कळवायला ते नव्हते. औशाला गेल्यावर वर्षभरातच, सकाळी शेंगा वाळत घालताना त्यांना अटॅक आला. काकूंची निवृत्ती अजून व्हायची होती.

काकूंचा फोन मला महिन्याभराने आला. आम्ही कधी भेटलो नव्हतो, तरी त्या “सायली ना गं तू?” म्हणून सुरू झाल्या. इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, “एक विचारू का? तुमच्या ऑफिसात मीटिंगचं रेकॉर्डिंग करतेत म्हणे. ह्यांचा आवाज असंल का गं त्यात? आम्ही रोज बोलायचो, पण ठेवलं कुणीच नाही.”

जुनी रेकॉर्डिंगं आपोआप पुसली जातात. तरी मी शोधलं, बासिमनेही शोधलं. त्याच्याच लॅपटॉपवर एक सापडलं. सर त्यात परदेशातल्या एका इंजिनिअरशी वाद घालतायत, वापरताना दर वेळी तपासायची गरज नाही, आत घेताना तपासा, म्हणून. सगळं इंग्रजीत. परवानगी घेऊन मी ते काकूंना पाठवलं, आणि सोबत लिहिलं की माफ करा, यात घरचं काहीच नाही.

त्यांचा दुसऱ्या दिवशी फोन आला. आवाज हसरा होता. “काय बोलायलेत ते काही कळत नाही बघ. पण रागावलेत, एवढं कळतं. आणि मधी एकदा थांबून पाणी पितेत. ते मी चारदा ऐकलं.”

अनिताने काल पुन्हा विचारलं, “दीदी, वो सर कौन थे?” मी तिला कर्नलबद्दल सांगितलं, मेसईदबद्दल सांगितलं. पण सांगताना डोळ्यांसमोर होती ती त्यांची ऑफिसातली शेवटची दुपार, आणि ती मी तिला सांगितली नाही.

गुरुवार होता. निरोपाचा केक झाला, फोटो झाले. लॅपटॉप आणि पास जमा करून सर सगळ्यांशी हात मिळवून खाली गेले. विमान दुसऱ्या दिवशी होतं. मी खिडकीपाशी उभी राहिले. खाली मुशैरिबची ती लहानशी ट्रॅम थांब्यावर आली. ती याच भागातल्या भागात गोल फिरते, तिला तिकीट नसतं. बाहेरगावचे पाहुणे आणि लहान मुलं तिच्यात हौसेने बसतात. सर इतकी वर्षं तिच्याशेजारून चालत गेले होते, कधी बसले नव्हते. त्या दिवशी बसले. खिडकीजवळची जागा धरली. ट्रॅम वळणाआड गेली आणि मी माझ्या जागेवर येऊन कामाला लागले.

बऱ्याच वेळाने सहज वर बघितलं, तर ट्रॅम फेरी पुरी करून परत आली होती. सर उतरले नव्हते. त्याच खिडकीशी होते, शेजारची जागा मोकळी, आणि तिच्यावर त्यांनी आपली पिशवी ठेवलेली, जशी कुणासाठी तरी जागा धरून ठेवतात तशी. फोन कानाला होता. ते बोटाने बाहेरचं काहीतरी दाखवत होते, पांढऱ्या इमारती, मशिदीचा मनोरा, कारंज्याशी खेळणारी मुलं, आणि काय काय दिसतंय ते फोनवर सांगत असावेत. दारं मिटली. ट्रॅम पुन्हा निघाली.